नायिकेची आई

छत्तीसगडातल्या आमच्या शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मराठी वाचनालयात एक बाई यायच्या आणि थेट ऐतिहासिक प्रेमकथांच्या कपाटाशी जायच्या. सरदाराची मुलगी आणि माहूत, विधवा राणी आणि शत्रूचा वैद्य, अशी सगळी न जुळणारी जोडपी तिथे नांदतात. पण बाईंची वाचायची तऱ्हा अजब होती. चांदण्यातली भेट आली, की अंगठ्याला थुंकी लावून त्या भराभर पानं उलटायच्या. मग मधेच थांबून, कपाळाला आठ्या घालून चार ओळी वाचायच्या आणि पुस्तक परत कपाटात ठेवायच्या. मी पार चक्रावलो. प्रेमच नको, तर प्रेमकथा कशाला?

एका शनिवारी विचारलंच, "ताई, शोधता तरी काय?"

"नायिकेची आई," त्या म्हणाल्या. "पोरगी घर सोडते तवा रडते, मंग गायबच होते. माह्या पोट्टीनं गुढियारीचा छत्तीसगढी पोट्टा पसंत केला, भैया. उद्या आम्हाला भेटाले घरी येऊन राहिला. मी काय करू, हे कोणी लिहिलंच नाही."

मी जन्माचा थापाड्या. म्हणालो, "एका कादंबरीत आहे ना. आई माहुताला ओसरीवर बसवते आणि स्वतःच्या हातानं विडा करून देते."

त्यांनी हातातलं पुस्तक कपाटात सारलं.

"पान आमच्याकडे कोणी खात नाही," त्या म्हणाल्या. "चहाच ठेवीन."

आणि पुस्तक न घेताच गेल्या.

त्यानंतर त्या दिसल्या नाहीत. आता मीच त्या कपाटाशी उभा असतो. ती आई मीच रचली हे ठाऊक असूनही, ती कुठल्यातरी पुस्तकात सापडेल म्हणून पानं उलटत राहतो.