घरबसल्या मत

दुबईजवळच्या अजमानमधल्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने मला फसवलं. वसईतलं माझं मत इथूनच टाकून देण्याचे त्याने दोनशे दिरहम मागितले, मी शंभर म्हणालो आणि तो लगेच हो म्हणाला. घासाघीस न करणाऱ्याचा माल मी एरवी घेत नाही.

व्हिसाच्या कामाला मी नेहमी त्याच्याकडेच जातो. तो मान वर करत नाही, आवाज चढवत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो, "खलास, झालं समजा." मलाही तेच म्हणाला.

मतदानाच्या दिवशी भावाचा फोन आला. "दादा, गावी आलास आणि घरी नाही आलास? केंद्रावर सांगतात, तू मत देऊन गेलास." परदेशातून मत देता येतच नाही, स्वतः जावं लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मी दुकानात जाऊन ओरडलो. त्याने शांतपणे काचेचं दार लावलं आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

"हळू, साहेब. पैसे देऊन दुसऱ्याकडून मत टाकून घेणं गुन्हा आहे. तुमच्या पासपोर्टची कॉपी आहे माझ्याकडे. वहिनींचंही करायचं का?"

चहा तसाच टाकून मी निघालो. आता मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट पुढे करायचा विचार आला की मी तिकीट काढायचं पुढे ढकलतो. पण माझ्या नावाने बोटाला शाई कुणी लावून घेतली आणि मत कुणाला दिलं, हे त्याने मला सांगितलंच पाहिजे.