जटपुरा दरवाजावरची सनई

आधीच सांगून ठेवते — भूत, चकवा, लागीर असलं काही मी मानत नाही. तुमच्या सदरात दर वेळी अमावास्या आणि पांढरी साडी वाचून मला हसूच येतं. माझ्या अनुभवात यातलं काही नाही. भर दुपार, चांद्याचा जटपुरा दरवाजा आणि चिवड्याचा डबा… एवढंच सामान!

आणि मानायला घरात वाव तरी कुठे होता? आम्ही धम्मदीक्षा घेतली तेव्हा अंगारे-धुपारे, उतारे सगळं उकिरड्यावर गेलं. त्यात बाबा वणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मशीनमधून खडखड आली की कान लावायचा आणि ती कुठल्या चाकातून येते ते शोधायचं, हा त्यांचा धंदा आणि हाच स्वभाव. माळ्यावर खुडबुड झाली आणि मी घाबरले, तर म्हणायचे, "आवाज आहे ना? मग करणारं कोणीतरी असन. ऊठ, पाहू." उठून पाहिलं की उंदीर. दर वेळी उंदीरच!

साल साठ-एकसष्ट असेल, मी दहा-अकरा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत, जिन सुरू व्हायच्या आधी, बाबांनी जाहीर केलं — चांद्याला फिरायला जायचं. म्हणजे आताचं चंद्रपूर. जुनं गोंड राजांचं शहर, भोवती सगळा परकोट, मोठमोठे दरवाजे. मुकुटबनहून आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांच्यासाठी नवे बूट आणले. आई कुरकुरली, "शहर पाहाले बुढ्याले बूट कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले, "पाह्यजे."

आबाजी म्हणजे एकेकाळचे पंचक्रोशीतले नामी डफडंवाले. त्यांचे थोरले भाऊ दौलतबा सनई वाजवायचे आणि आबाजी डफडं. दौलतबा माझ्या जन्माआधीच वारले. दीक्षेनंतर आबाजींनी डफडं विहिरीत टाकलं. "आता लोकायच्या दारात वाजवनं नाही," म्हणाले, ते पाळलं. पण बोटं कुठे ऐकतात हो! पाटावर, खाटेच्या माच्यावर, माझ्या पाठीवरसुद्धा टकटक चालूच. आणि तोंडानं एक चाल गुणगुणायचे — दौलतबाची. त्या चालीत मधेच, ओळ अर्धी झाली की, ते थांबून श्वास घ्यायचे आणि मग पुढे. मला वाटायचं चालच तशी आहे. आईनं एकदा सांगितलं, दौलतबांना दमा होता. तिथं त्यांचा श्वास तुटायचा. भावाबरोबर वाजवून वाजवून आबाजींनाही ती सवय लागली.

तर… वणीहून गाडीत बसलो, माजरीला गाडी बदलली आणि चांद्याला उतरलो. आईच्या काखेत चिवड्याचा पत्र्याचा मोठा डबा. डब्यात आबाजींनी हात घातला की आई डबा सरकवायची, आबाजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. स्टेशनापासून चालत जटपुरा दरवाजाशी आलो. बाप रे! मान दुखेपर्यंत वर पाहिलं मी. दगडात कोरलेला सिंह, त्याच्या पायाखाली हत्ती. मी पळत कमानीत शिरले, 'ओ'ला 'ओ' येतो का ते पाहून परत पळत बाहेर आले… आणि बघते तर आबाजी रस्त्याच्या कडेला सरकून उभे.

"तुम्ही व्हा म्होरं," ते बाबांना म्हणाले. "मी खिडकीनं येतो."

खिडकी म्हणजे परकोटातला छोटा दरवाजा. चांद्याला तसे चार-पाच आहेत. पण सगळ्यात जवळचासुद्धा बराच वळसा घालून.

बाबा म्हणाले, "कायची खिडकी, बा? आता कोन अडवून राह्यलं?"

"कोनीच नाही. पाय उचलत नाही रे." आणि नव्या बुटांसकट एका दगडावर बसले.

गोष्ट अशी होती — मी ती तिथंच, बाबांच्या तोंडून, पहिल्यांदा ऐकली. आबाजी तरणे असताना दोघे भाऊ एका पाटलाच्या वरातीपुढे वाजवत गावाकडून इथवर आले होते. पायी. दरवाजाशी आल्यावर वऱ्हाडातल्या शहाण्यांनी सांगितलं, तुम्ही यातून शिरायचं नाही, खिडकीनं या. वरात दरवाजातून गेली, वाजवणारे वळसा घालून गेले. तेव्हा दौलतबा म्हणाले होते, "लहान्या, एक डाव याच दरवाजातून वाजवत जाऊ आपन." ते काही झालं नाही. बाबांनी ही सगळी सहल काढली होती ती एवढ्यासाठी… त्यांच्या बापानं त्या दरवाजातून चालत जावं म्हणून. नवे बूटही त्यासाठीच.

"बा, उठा ना," बाबा म्हणाले. मग रागावले. मग आवाज कापरा झाला, "मंग मी एवढं आनलं कायले तुमाले?" आबाजी बुटांकडे बघत बसलेले. मला रडू यायला लागलं. आई हळूच म्हणाली, "राहू द्या. जाऊ खिडकीनंच."

आणि सनई वाजली.

वरून. दरवाजाच्या माथ्यावरून. मोठ्यानं, स्वच्छ, पिपाणीसारखी नाही, पक्क्या हाताची. मी ती चाल लगेच ओळखली. ओळ अर्धी झाली… आणि सनई थांबली. श्वास घेतल्यासारखी. मग पुढे.

आबाजी ताडकन उठले. आईच्या काखेतला डबा त्यांनी ओढलाच. "अवं बाप्पा, चुरा होईन नं चिवड्याचा!" म्हणत आईनं घाईघाईनं सगळा चिवडा पदरात ओतून घेतला. आबाजींनी बाबांकडे पाहिलं. वाजवणं तर सोडलेलं होतं… बाबा म्हणाले, "वाजवा, बा. हे लोकायचं दार नाही."

मग काय विचारता! रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून त्या म्हाताऱ्यानं जे काढलं ते मी नंतर कुठल्या बँडमध्येही ऐकलं नाही. वर सनई, खाली डबा. जिथं सनई थांबायची तिथं यांची बोटंही थांबायची, बरोब्बर. आम्ही रस्त्याच्या मधोमध चाललो. मी नाचत पुढे, आई पदर सांभाळत मागे, चिवडा सांडतोय, कोंबड्या टिपतायत! समोरून येणाऱ्या टांगेवाल्यानं घोडा थांबवला, वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कोनाची वरात होय, बुढेबुवा?"

"आमचीच!" आबाजी म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते खदाखदा हसत होते.

कमानीतून पलीकडे उन्हात आलो. चाल पुरी झाली. आबाजींनी शेवटची थाप मारली आणि सगळं शांत.

बाबा धावतच परकोटावर चढले. आवाज आहे ना, मग करणारा पाहिजे! वर एक बाई गोवऱ्या थापत होती. तिच्याशिवाय चिटपाखरू नाही. सनई कुणी वाजवली विचारलं, तर तीच उलट म्हणाली, "मी बी तेच पाहून राह्यली. तुमच्याच घोळक्यातून तं आली! खालून!"

बाबांनी हार मानली नाही. आसपास लग्न आहे का विचारलं, कुणाकडे रेडिओ आहे का पाहिलं, कर्ण्याची वायर शोधली. काही नाही. रामाळा तलावाकाठी बसून आम्ही आईच्या पदरातून चिवडा खाल्ला, गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या, पण बाबांचं ध्यान ठिकाणावर नव्हतं. आबाजी मात्र नव्या बुटांत गावभर मिरवले. संध्याकाळी स्टेशनाकडे परतताना पुन्हा त्याच दरवाजातून निघाले, मधोमध, न सांगता.

गाडीत बाबा अखेर म्हणाले, "बा, वारा असन. दगडाच्या फटीतून घुसला का वाजते कधी कधी."

आबाजींनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. म्हणाले, "वारा मंधातच दम घेते काय रे?"

पुढे जिनमध्ये एखाद्या खडखडीचं मूळ काही केल्या सापडलं नाही, की ते हात पुसत म्हणायचे, "जटपुरा समजा." आमच्या घरात तो शब्दच रुळून गेला.

मागे चंद्रपूरला लग्नाला गेले होते, तेव्हा मुद्दाम त्या दरवाजाखाली उभी राहिले. हॉर्न, स्कूटर, कबुतरं. बाकी काही नाही. आजही भूत मी मानत नाही, त्या दुपारचा उलगडा मात्र मला झालेला नाही आणि आता होईल असंही वाटत नाही.

कणीक मळताना ती चाल अजून तोंडात येते. अर्ध्या ओळीशी आले की मी थांबते. परवा नात म्हणाली, "आजी, तुला दम लागतो का गं?"

नाही गं बाई. माझी छाती अगदी ठणठणीत आहे.