पाईपातलं मेण

आई गेल्यावर अण्णांनी अंथरूण धरलं. आजार काही नव्हता, नुसतं भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. जेवण म्हणाल तर चहात बुडवलेलं बिस्किट, तेही वहिनीनं हातात दिलं तर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल. मी उमरग्याहून माहेरी कळंबला आले आणि राहूनच गेले. रडले मात्र नाही. भेटायला येणाऱ्या बाया गळ्यात पडून "अहेव गेली गं, लई नशिबाची" म्हणायच्या आणि मी चहा टाकायला उठायचे. नशिबाची म्हणे! आत पडलेल्या माणसाला विचारा की एकदा. पण तेही मनातल्या मनात. चिडायचं त्राणसुद्धा अंगात राहिलं नव्हतं.

असंच एका दुपारी अण्णांनी हाक मारली. उशीखालून तंबाखू ओढायचा पाईप काढला आणि म्हणाले, "हा साफ करून दे मला. मेण बसलंय त्याच्यावर. सगळं काढ."

हा पाईप म्हणजे अण्णांची जुनी हौस. शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी हैदराबादला गेले तेव्हा घेतलेला. गावात बिडी-तंबाखूवाले ढिगानं, पण पाईपवाला हा एकटाच. पोरं पाठीमागं "साहेब आला, साहेब आला" करायची. लाकूड गुळगुळीत नाही, बाभळीच्या सालीसारखं खडबडीत, मुद्दामच तसं कोरलेलं. तंबाखू डॉक्टरांनी बंद करून बरीच वर्षं झाली, तरी रिकामा पाईप हातात हवाच. ओट्यावर बसून त्याच्यावर अंगठा फिरवत येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत राहायचे. मी म्हटलं, चला, माणसानं काहीतरी मागितलं तरी. हा साफ झाला तर उठून बसतील, पोटात काही जाईल.

हातात घेऊन बघते तर खाचा पार बुजलेल्या. वर पिवळट, चिकट थर. चकाकी यावी म्हणून अण्णांनीच कधी पॉलिश फासलं असणार, असं मी धरून चालले. वहिनी म्हणाली, "रॉकेलात बुडवा की, ताई."

"अहो वहिनी, तोंडात धरतात ते अजून. ट्रॅक्टरचा पार्ट हाय का हा?"

गरम पाण्यात टाकलं तर लाकूड फुगेल, सुरी लावली तर कोरीव काम जाईल. शेवटी वहिनीचाच केस वाळवायचा ड्रायर घेतला. लांबून थोडी ऊब द्यायची, मेण मऊ झालं की जुन्या सुती फडक्यानं टिपायचं, खाचेतलं दातकोरण्यानं उकरायचं, वरून टूथब्रश फिरवायचा. जास्त जवळ धरलं तर लाकूड करपायचं, म्हणून दमानं. काम बरं होतं. करताना डोक्यात काही येत नव्हतं.

वरचा थर निघाला. खालचं मेण फडक्यावर आलं ते तांबूस. लाकडाचाच रंग सुटला की काय म्हणून मी घाबरले. फडकं नाकाशी धरलं. कुंकू होतं ते.

आमच्या आईनं टिकली कधी लावली नाही. रोज अंघोळ झाली की आरशापुढं उभी राहायची, डबीतलं मेण बोटानं कपाळावर गोल लावायची आणि त्यावर कुंकू दाबायची. आरशाखालच्या फळीवर डबीशेजारीच अण्णांचा पाईप असायचा. बोट पदराला पुसलं तर डाग पडतो. तिनं ते पाईपाला पुसलं असणार, वर्षानुवर्षं, रोज. वरच्या थराचं कुंकू तेवढं अण्णांच्या अंगठ्यानं झडलेलं. मी बाई टिकलीवाली, माझ्या ध्यानात कसं येणार?

ड्रायर बंद केला. अर्धा पाईप साफ झाला होता. काहीतरी वाटायला हवं होतं मला, पण वाटलं नाही. तशीच उठून अण्णांकडं गेले.

"अण्णा, हे पॉलिश न्हाय. आईचं कुंकवाचं मेण आहे. उरलेलं राहू द्यायचं का?"

"माहीत आहे की मला," ते भिंतीकडंच बघत म्हणाले. "रोज पुसताना बघत होतो. एकदा बोललो तर म्हणाली, पाईप काय झिजतोय व्हय तुमचा." मग भिंतीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "आता हातात धरला की तिचं बोट लागतंय, बाई. सोसत न्हाय. काढ सगळं."

मी काढलं. एकेक खाच कोरून कोरून काढलं. दिवेलागणीला पाईप नेऊन दिला. अण्णांनी त्याच्यावर सगळीकडून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि उठून बसले. "वाढ काहीतरी," म्हणाले.

वरणात कुस्करून अख्खी भाकरी खाल्ली त्यांनी. बघून वहिनीच्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारी माझंही ताट वाढलेलं होतं. हात साबणानं धुऊनही माझ्या नखांत तांबूस मेण राहिलं होतं. त्या हातानं मला घास मोडवेना.