नीट नांदा

“ही बोलणार व्हय? हिचा आवाज फोनवर पण ऐकू येत न्हाय,” मामी मावशीला म्हणाली. ताईच्या हळदीचा दिवस होता आणि मी दाराआड कागद धरून भाषणाचा सराव करत होते.

मामीचं चुकत नव्हतं. पण ताईनं माझ्याकडं एवढंच मागितलं होतं: अक्षतांआधी पुढाऱ्यांची भाषणं झाली, की घरचंही कुणीतरी बोलावं, आणि ते मीच.

मावशीनं मला बाहेर ओढून वाचायला लावलं. शेवटचं वाक्य होतं, “दाजी, तुम्ही नीट नांदा.” ते ऐकून मावशी हसत खालीच बसली.

“अगं येडे, नांदती पोरगी! नवरा आपल्याच घरात असतो, त्यो कुठं नांदतो?”

इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला नांदणं म्हणजे प्रेमानं एकत्र राहणं, एवढंच माहीत होतं. मी गुपचूप ते वाक्य खोडलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात दाजींच्या तेर गावचे पाहुणे आणि आमची अख्खी तामलवाडी जमली होती. एका पुढाऱ्यानं ताईला बजावलं, “पोरी, सासरी नीट नांद बरं का.” ताईनं मान खाली घातली. दाजींना कुणी काहीच बजावलं नाही.

मग माइक माझ्या हातात आला. पाठ केलेलं सगळं विसरले, फक्त खोडलेलं वाक्य तेवढं आठवलं. मामी पहिल्याच रांगेत होती.

“दाजी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज पार शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, “ताई नांदायला येतीय. तुम्ही पण नीट नांदा.”