शिवेचा देव

कॉलेजात राजकीय भूगोलाचे सर फळ्यावर एक रेघ ओढायचे आणि म्हणायचे, ही सीमारेषा. मग खडू आडवा धरून तिच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टा घासायचे, हा सीमाप्रदेश. रेषेला रुंदी नसते, पट्ट्यात माणसं राहतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पास व्हाल, म्हणायचे. मी ते घोकलं. त्याच वर्षी आमच्या जासई गावात मोजणीवाले आले आणि त्यांनी काकाच्या घराच्या अलीकडून चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. रेघेच्या आतलं ते गावठाण, बाहेरचं ते अनधिकृत. काकाचं घर बाहेर. म्हणजे ते पाडणार.

आणि ही रेघ दाखवली कोणी, तर माझ्या बापानं!

मोजणीच्या साहेबांनी साधंच विचारलं होतं, "गावाची शीव कुठं?" आमच्यात शीव म्हटलं की शिवेचा देव, शेंदूर फासलेला दगड. दर चैत्रात त्याला नारळ-कोंबडा द्यायचा मान आमच्या घराचा. बाबा छाती काढून साहेबांना तिथं घेऊन गेले. साहेबांनी दगडाला हात जोडले आणि तिथूनच रेघ धरली.

पण देव मूळचा तिथला नव्हता. बंदराकडं जाणारा रस्ता झाला तेव्हा त्याची जागा डांबराखाली गेली. म्हणून गावानं कौल लावून त्याला काकाच्या घराच्याही अलीकडं, आमच्या परसामागं आणून बसवला. उचलला होता बाबांनीच. पण डोक्यात पक्कं बसलेलं, देव बसेल तीच शीव! माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "साहेबांना खरं सांगा ना!" तर गावातली म्हातारी माणसं माझ्याच अंगावर आली. देव हलवला हे परक्याला सांगायचं नसतं, म्हणे, गावाला बाधेल. मी म्हटलं, काकीच्या डोक्यावरचं छप्पर जातंय, ते नाही बाधत? आईनं मला हाताला धरून घरात नेलं.

काकानं बाबांशी बोलणं टाकलं. "मानकरी हाय ना तो! त्याला देव पायजे, सख्खा भाव नको," असं तो दारात उभा राहून, बाबांना ऐकू जाईल असं काकीला सांगायचा. बाबा ताट पुढ्यात घेऊन नुसते बसायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि रडूही यायचं.

पाडायची गाडी आली त्या सकाळी काकीनं भांडी, गाद्या, देव्हारा, सगळं अंगणात काढून ठेवलं होतं. गाडी वळून घरासमोर लागली, तसे बाबा तरातरा साहेबांपुढं गेले. अख्खं गाव बघत होतं.

"सायब, देव आमी हलवला. मीच उचलला. शीव हितं नाय."

"मग कुठं?" साहेब वैतागले. "खूण दाखवा काहीतरी."

खूण कसली दाखवणार? बाबा काकाच्या घराला वळसा घालून थेट रस्त्यावर गेले, कंटेनरचे ट्रेलर धावत होते त्या रस्त्याच्या मधोमध, आणि उभे राहिले. "हितं व्हता देव! आना तुमचा टेप!"

हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. एक ट्रेलर करकचून थांबला, दुसरा त्याच्या बाजूनं इतक्या जवळून निसटला की बाबा हेलपाटले. पण जागा सोडेनात. टेप धरलेला माणूस काकाचं घर ओलांडून रस्त्याच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच थबकला. साहेब ओरडत होते, "अहो, मरायचंय का?"

धावला तो काका. बाबांची कॉलर धरून त्यानं त्यांना फरफटत कडेला आणलं आणि गदागदा हलवलं. "मरशील ना रं दादूस! घर गेलं खड्ड्यात! घर परत बांधीन मी, तुला कुठून आनू?"

बाबांना धाप लागली होती. "टेप कुठवर आला, ते बघ आधी."

साहेब गाडीवाल्याला हात करत होते, मागं घे, आज राहू दे, परत मोजू. काकाचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यानं बाबांची कॉलर अजून सोडली नव्हती.