पत्र्यावरचे दगड

ब्राह्मणपुरीच्या आमच्या घरावर पत्रे टाकायला आलेला वेल्डर दिवसभर फारसा बोललाच नाही. सिमेंटच्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर त्याने लोखंडी प्लेट बसवली, चार बोल्ट आवळले आणि छताचा सांगाडा तिला वेल्डिंगने जोडला. जोड निवला की तो चप्पल काढायचा आणि डोळे मिटून त्या सांगाड्याला दोन्ही हातांनी, अख्खं वजन टाकून लोंबकळायचा. मला हसू यायचं.

दुपारनंतर पत्रे बसले. वडील सवयीने जुने दगड घेऊन शिडी चढायला लागले. पत्रा उडू नये म्हणून आमच्याकडे सगळेच वर दगड ठेवतात. वेल्डरने शिडी धरली.

"आबा, दगड ठेवू नका. वारा पत्रा उडाई लई जास. दगड आठेच घरमा पडस."

"कोनाकडे पडना?" वडिलांनी विचारलं.

"मन्हाकडेच. माय खाटवर जपेल व्हती. मी तवय हाई काम शिकेल नव्हतू."

त्याची माय खाटेवर झोपलेली असताना तो दगड पडला होता. वडिलांनी हातातले दगड खाली ठेवले.

निघताना त्याने माझ्या आईची खाट कुठे असते, एवढंच विचारलं. मी कोपरा दाखवला. त्याने पुन्हा चप्पल काढली आणि त्या कोपऱ्यातल्या खांबापाशी सांगाड्याला डोळे मिटून आणखी एकदा लोंबकळला.