दाराच्या स्विचला बांधलेली तार

मला सलीलचा राग आहे, आणि त्याहून जास्त माझ्या भावाच्या बायकोचा, इंदूवहिनीचा.

झाशीबाहेरच्या एका औषध कारखान्यात वहिनी अकरा वर्षं होती. लक्ष्मी गेटहून दोन ऑटो बदलून जायची. तिचं मशीन इंजेक्शनच्या बाटल्यांवर लेबलं लावतं. बाटल्या भरलेल्या ट्रेची चळत आत ठेवायची, लोखंडी दांडा एकेक ट्रे पुढे ढकलतो. समोर काचेचं दार. ते उघडलं की दाराचा स्विच सुटतो आणि मशीन थांबतं, कुणाचा हात सापडू नये म्हणून.

यंदा स्वस्तातले, वाकडे ट्रे आणले मेल्यांनी. घडीघडी अडकायचे. दार उघडा, ट्रे काढा, मशीन परत सुरू करा. सुपरवायझर सलील म्हणाला, "भाभीजी, स्विच को तार से बाँध दो, झंझट ख़त्म." आणि या बाईने बांधला. आता दार उघडं असलं तरी मशीन चालूच. अकरा वर्षांची अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे. "काम खोळंबलं होतं गं," म्हणते.

त्याच दुपारी पुढच्या पाळीला देविका आली. वहिनीनेच तिला कामाला लावलेलं. ट्रे अडकला, तिने दार उघडून हात घातला. दांडा थांबला नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

संध्याकाळपर्यंत तार गायब. सलीलचा कागद तयार: देविकाने मशीन चालू असताना निष्काळजीपणे हात घातला. साक्षीला वहिनीची सही हवी होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, सही केलीस तर आपलं नातं संपलं.

तिने केली नाही. खाली लिहिलं, तार मी बांधली, सलीलजींच्या सांगण्यावरून. सलीलने तोंड वर करून विचारलं, "मैंने कब कहा?" वहिनीची नोकरी गेली. तो अजून तिथेच मिरवतोय. देविकावरचा ठपका तेवढा पुसला गेला.

रविवारी देविका घरी आली, हाताला पट्ट्या. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती बसलीसुद्धा नाही.

"काकी, त्या दिवशी जाताना मला तारेबद्दल एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

वहिनी म्हणाली, "ऑटो सुटत होता गं."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.